अलेक्झांड्रियाला निघालेला कूजा

मित्रांनो, माझं पोट गोल, मान आखूड, डोक्यावर फिरकीचं झाकण आणि झाकणावर उचलायला एक वाकडी कडी. ओळखलंत? महाराष्ट्रातले असाल तर म्हणाल, हा तर फिरकीचा तांब्या! आमच्या तंजावुरात मला कूजा म्हणतात. मी पितळेचा आहे, जुना आहे आणि थोडा गर्विष्ठसुद्धा आहे. असणारच ना! मला पाण्यानं भरा, उलटं टांगा, बसच्या टपावर बांधा, एक थेंब सांडला तर नाव बदलून टाकीन.

पण मला एका गोष्टीची फार भीती वाटते. चमच्याची. हसू नका. हसायची गोष्ट नाही, ते कळेलच तुम्हाला.

माझा जन्म कुंभकोणमजवळच्या नाचियारकोविलचा. त्या गावात समया ओततात, घंटा ओततात, भांडी ओततात. कावेरीच्या मऊ वाळूचा साचा केला, त्यात लालबुंद पितळ ओतलं आणि मी झालो. मग मला फिरवून, घासून, तासून असा गुळगुळीत केला की बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसावं. झाकणाची फिरकी पाडणारा म्हातारा भारी कडक होता. त्यानं मला काठोकाठ भरलं, झाकण आवळलं, उलटं धरलं आणि खाली स्वतःचा कोरडा तळहात धरला. तळहात कोरडाच राहिला. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "ह्याच्या पोटात काय आहे ते कुणाला कळायचं नाही."

मी किती फुगलो तेव्हा! ते वाक्य एक दिवस मला भोवणार आहे, हे कुठं ठाऊक होतं?

मला विकत घेतलं अनिरुद्धरावांनी. तंजावुरात मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा ह्या घरातली माणसं इकडं आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, दारात तमिळ, शाळेत इंग्रजी. त्यांची मराठी तुमच्यासारखी नाही, तिला तमिळचा झोका आहे. पण रागावताना मात्र अगदी अस्सल.

काय दिवस होते ते! पापनाशमला लग्न, तिरुपतीला नवस, मद्रासला परीक्षा, कुठंही निघायचं म्हटलं की आधी मी. रेल्वेच्या डब्यात लोक मला हातात घेऊन वजन बघायचे आणि "कुठला हा?" म्हणून विचारायचे. पाणी गार ठेवायचो. मला कुणी कधी तोंड लावलं नाही. वरून धार धरायची आणि प्यायचं, हा ह्या घरातला कायदा. लहान मुलांच्या नाकात पाणी जायचं, शर्ट भिजायचे, पण मला उष्टं करायची कुणाची हिंमत नव्हती.

आणि माझं सगळ्यात मानाचं काम म्हणजे प्रस्थान. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच आहे.

समजा तुम्हाला शुक्रवारी पश्चिमेला जायचंय. पंचांग सांगतं, शुक्रवारी पश्चिमेला शूल, निघू नका. पण तिकीट तर शुक्रवारचंच आहे. मग काय करायचं? दोन दिवस आधी चांगली वेळ बघायची आणि प्रवाशाची एखादी वस्तू त्याच दिशेच्या शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. झालं! प्रवास तेव्हाच सुरू झाला. शुक्रवारी आपण फक्त ती वस्तू उचलायची आणि पुढं जायचं. ह्या घरात ती वस्तू मी. माझ्या पोटात असं काहीतरी घालायचं की ज्याच्यावाचून त्या माणसाचं पाऊल उचलत नाही. अनिरुद्धरावांच्या वेळी तपकिरीची डबी असायची.

मग झाकण आवळायचं. निघेपर्यंत उघडायचं नाही. आणि काहीही झालं तरी मला घरात परत आणायचं नाही. प्रस्थान परत आलं तर प्रवासी दुसऱ्याच वाटेला लागतो, असं मानतात.

हे नुसतं मानतात, एवढंच असतं तर बरं होतं.

अनिरुद्धराव काशीला निघाले होते. मी दोन दिवस आधीच शेजारी जाऊन बसलो होतो. तेव्हा घरात नवीन सून आली होती, सुंदरी नावाची, वय अठरा-एकोणीस. अचानक पाहुणे आले, पाणी द्यायला धड भांडं सापडेना, म्हणून ती पोर शेजारी गेली आणि मला उचलून घेऊन आली. ते बघून सासूबाईंचा हात हवेतच थांबला. त्याच आठवड्यात अनिरुद्धराव आजारी पडले आणि काशीऐवजी भलतीकडंच गेले. शेवटी त्यांच्या ओठांवर चमच्यानं पाणी घातलं, ते माझ्यातलं. चमचा माझ्या गळ्याला लागून जो आवाज झाला, तो अजून माझ्या पोटात घुमतो.

सुंदरीबाईंना कुणी तोंडावर बोललं नाही. पण त्यानंतर इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः मला एकदाही शेजारून उचललं नाही. कुणी प्रवासाला निघताना मला उचलायचं झालं तर दुसऱ्या कुणाला तरी पाठवायच्या.

मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. मित्रांनो, माळा फार वाईट. अंग काळं पडलं, कडीत कोळ्यानं घर केलं. खाली टीव्ही बदलले, पंखे बदलले. अनिरुद्धरावांचे चिरंजीव, म्हणजे सुंदरीबाईंचे यजमान, रंगराव वीज मंडळातून रिटायर झाले. त्यांचा मुलगा साईराम बायकोसह मस्कतला नोकरीला गेला आणि नात साईप्रिया शाळेसाठी आजीआजोबांजवळ राहिली. मला हे सगळं वरूनच ऐकू यायचं. ही साईप्रिया मागच्या वर्षापर्यंत पाहुणे आले की दाराआड उभी राहायची. ह्या वर्षी शाळेत भाषणात पहिली आली आणि तेव्हापासून घरात दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकूच येईना! मला तर ती फार आवडली.

आणि मग एक दिवस खाली एक नवीन शब्द ऐकू आला. अलेक्झांड्रिया.

साईराम म्हणाला होता, अर्धवार्षिक परीक्षेनंतर सगळे मस्कतला या, तिथून तीन दिवस अलेक्झांड्रियाला जाऊ. भूमध्य समुद्राच्या काठावरचं फार जुनं शहर. रंगरावांनी एरवी कुंभकोणमला जायला आढेवेढे घेतले असते, पण ह्या नावाला एकदम हो म्हणाले. का? तर त्या शहरात एके काळी जगातला सगळ्यात मोठा दीपस्तंभ होता. रंगरावांनी आयुष्यभर तंजावूरच्या खांबांवर दिवे लावले. जिथं तो दिवा होता ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची, एवढीच त्यांची इच्छा.

मला माळ्यावरून उतरवलं. साईप्रियानं चिंच लावून घासलं, हात दुखेपर्यंत घासलं. रंगरावांनी तिला माझं झाकण उघडायची खुबी शिकवली. आधी तळव्यानं खाली दाबायचं, मग अजून थोडं आवळायचं आणि मगच सोडवायचं. सरळ सोडवायला गेलात तर मी जन्मात उघडत नाही. मग मला दिवाणखान्यात, गच्चीच्या जिन्यासमोरच्या कोनाड्यात ठेवलं. मी असा चकाकत होतो की समोरचा अख्खा जिना माझ्या पोटात दिसायचा.

साईप्रियानं प्रवासाचा सगळा ताबा घेतला. ती फोनमध्ये बघून मोठ्यानं वाचायची. पहिल्या दिवशी समुद्रकाठचा किल्ला. तो दीपस्तंभ भूकंपात पडला आणि त्याच जागी, त्याचेच दगड वापरून हा किल्ला बांधला म्हणे. दुसऱ्या दिवशी लायब्ररी. जुनी नष्ट झाली, आता नवी बांधली आहे. राण्यांचे महाल होते, ते समुद्राखाली गेले. तिसऱ्या दिवशी जमिनीखालची दफनभूमी, गोल गोल जिना उतरून जायचं.

सुंदरीबाई शेंगा मोडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "दिवा पडला, पुस्तकं जळाली, महाल बुडाले. उरलं काय, तर थडगी. एवढं विमानात बसून हेंच बघायचं कां?"

"आजी, ती थडगी सापडली कशी माहीत आहे? एक गाढव चालता चालता जमिनीत पडलं!"

"बरं झालं," रंगराव म्हणाले, "म्हणजे आपणांस वाट चुकायची भीती नाहीं."

"तुम्ही कशाला चुकाल? तुमच्यातलं एक आधीच जाऊन आलंय," सुंदरीबाई म्हणाल्या, आणि साईप्रिया हसून हसून खाली बसली.

तेव्हा मार्गळी महिना लागला होता, म्हणजे डिसेंबरचा मध्य. आमच्याकडं मार्गळीत रोज पहाटे दारात मोठमोठे कोलम काढतात, तुमची रांगोळी म्हणा ना. घरात पांढऱ्या पिठाचा डबाच भरलेला. साईप्रियानं काय करावं? गच्चीवर अख्खं अलेक्झांड्रिया काढलं! बंदराची वाकडी कड, टोकाला किल्ला, थाळीसारखी गोल लायब्ररी आणि दफनभूमीचा गोल गोल जिना. आजोबांनी रोज त्याच्यावरून चालायचं, म्हणजे तिथं गेल्यावर दम लागणार नाही. सुंदरीबाईंनी वर जाऊन बघितलं आणि खाली आल्या. मग एवढंच म्हणाल्या की कोलम दारात काढतात, लक्ष्मीला. थडग्याचा कोलम कुणी काढलेला त्यांनी ऐकला नव्हता.

इथून पुढं मला सांगताना जड जातं, मित्रांनो.

रंगराव रोज सकाळी माझ्यासमोरचा जिना चढायचे आणि गच्चीवर फेऱ्या मारायचे. वरून त्यांची हाक यायची, "किल्ला झाला! आतां लायब्ररी!" खाली आजी-नात हसायच्या. पण खाली उतरताना ते शेवटच्या पायरीवर बसायचे, बरोबर माझ्यासमोर. तोवर आजी स्वयंपाकघरात, नात शाळेच्या तयारीत. त्यांचा चेहरा माझ्या पोटात दिसायचा, आडवा, फुगलेला, राखेसारखा. कपाळावर घाम. मार्गळीच्या थंडीत घाम! मग ते शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढायचे आणि एक गोळी जिभेखाली ठेवायचे. मागच्या वर्षी छातीत कळ आली होती, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली ही गोळी. कळ आली तर लगेच घ्या आणि मला येऊन सांगा, असं बजावलं होतं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अलेक्झांड्रिया तिथंच संपलं असतं.

एकदा त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. माझ्या पोटात स्वतःचा चेहरा बघून ते जरा दचकले. मग ओठांवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "सांगूं नकोस हं. शुक्रवारपर्यंत फक्त."

मी कसा सांगणार? माझ्या पोटात काय आहे ते कुणाला कळायचं नाही, असाच बनवलाय मला.

बुधवारी सकाळी त्यांनी खिशातलं पाकीट काढलं, त्यातली शेवटची गोळी घेतली आणि रिकामं पाकीट चुरगळून खिडकीबाहेर फेकलं. देवाच्या फळीवर नवीन पाकीट होतं, ते निघताना घेऊ, असा त्यांचा हिशेब असणार.

आणि त्याच सकाळी, थोड्या वेळानं, माझी प्रस्थानाची वेळ होती.

सुंदरीबाईंनी मला पुसलं, कुंकू लावलं. रंगरावांचं कशावाचून अडतं, ह्याचा त्यांनी विचार केला. तपकीर नाही, पान नाही. मग त्या देवाच्या फळीकडं गेल्या आणि ते नवीन पाकीट घेऊन आल्या. वाजू नये म्हणून हळदीच्या फडक्यात गुंडाळलं. स्वतःशीच म्हणाल्या, "खिशांत एक आहेच त्यांच्या."

नाही! खिशात काही नाही! मी पितळ आहे, मित्रांनो, मला तोंड आहे पण जीभ नाही. फडकं माझ्या तळाशी गेलं. त्यांनी पदर धरून झाकण आवळलं, इतकं आवळलं की माझा गळा करकरला.

आमच्या पश्चिमेला, भिंतीला भिंत लागून, अलमेलु मामींचं घर. त्या एकट्याच राहतात, संगीताच्या टीचर होत्या, अजून तिरुवैयारूला मुलींना शिकवायला जातात. त्यांनी मला वीणेशेजारी खिडकीत ठेवलं आणि म्हणाल्या, "अक्का, काळजी नको. मी हातसुद्धा लावणार नाही." किती चांगल्या बाई! पण मला तेव्हा वाटत होतं, कुणीतरी हात लावा. पाडा मला. फोडा.

गुरुवारी सकाळी मामी तिरुवैयारूला निघाल्या. घराची किल्ली नेहमीसारखी सुंदरीबाईंकडं दिली. कडी लागली, पावलं गेली आणि मी एकटा उरलो. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. बॅगा ओढल्याचा आवाज. शाळेला सुट्टी लागली होती म्हणून साईप्रिया घरीच. तिचं गाणं, हवामान वाचणं, तिथं पाऊस आहे म्हणून छत्र्या शोधणं. मग जिन्यावर रंगरावांची पावलं. आज त्यांच्या हातात बॅग होती. ओझं घेऊन चढायची सवय हवी म्हणे.

जाता जाता त्यांनी हाक मारली, "जातों ग अलेक्झांड्रियाला!"

आमच्याकडं जातो म्हणत नाहीत, मित्रांनो. तुमच्याकडंही नसतील.

"येतों म्हणा," सुंदरीबाई म्हणाल्या. तोवर ते गच्चीत पोचले होते. वर पावलं वाजत होती. किल्ला झाला असेल. लायब्ररी झाली असेल. आज हाका येत नव्हत्या.

मग धप्प असा आवाज आला. आणि बॅग जिन्यावरून पायरी पायरीवर आपटत खाली आली.

साईप्रियाची किंकाळी ऐकली. मग धावपळ, मग तिचा आवाज, एकदम स्वच्छ आणि मोठा, भाषणातल्यासारखा. तिनं आधी अँब्युलन्सला फोन लावला, पत्ता सांगितला, गल्लीच्या तोंडाशी काय खूण आहे तेही सांगितलं. मग आजीला ओरडून सांगितलं की आजोबांच्या खिशात गोळी नाही, फळीवरची घेऊन ये.

सुंदरीबाईंची पावलं फळीकडं धावली आणि तिथंच थांबली.

सुंदरीबाई फळीसमोर उभ्या होत्या. मी बघत नव्हतो, पण मला माहीत होतं. त्यांचा हात फळीवर गेला असेल आणि हवेतच थांबला असेल. त्यांच्या सासूबाईंचा थांबला होता तसा.

"आजी!"

"ती कूज्यांत आहे," सुंदरीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "प्रस्थानांत."

"मग आण ना! थांब, मीच जाते!"

"तूं त्यांचं डोकं धर. खालीं ठेवूं नकोस." आणि थोडं थांबून, "मागच्या वेळीं मीच आणला होता. आतांही मीच आणतें."

कुलूप निघालं. दार उघडलं. उंबऱ्यावर सुंदरीबाई उभ्या होत्या, पायात चप्पल नाही, केस सुटलेले. त्या माझ्याकडं बघत होत्या आणि पाऊल पुढं पडत नव्हतं. मला ती अठरा-एकोणीस वर्षांची सून दिसत होती. तिला पाहुण्यांना पाणी द्यायचं होतं, एवढंच.

मग त्या आत आल्या, मला दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाल्या, "चल. जें व्हायचं तें माझ्यावर."

गच्चीवर, जिन्याच्या तोंडाशीच, रंगराव आडवे पडले होते, बरोबर बंदराच्या समुद्रात. किल्ला त्यांच्या पाठीखाली पुसला गेला होता. धोतर, हात, केस, सगळं पांढऱ्या पिठानं भरलेलं. डोळे उघडे होते, पण बघत कुणाकडंच नव्हते. सुंदरीबाई माझं झाकण सोडवायला लागल्या. सरळ सोडवत होत्या, जोर लावून, पुन्हा पुन्हा. मी उघडत नव्हतो. माझी ती जगात भारी फिरकी! त्या क्षणी मला त्या नाचियारकोविलच्या म्हाताऱ्याचा कोरडा तळहात आठवला आणि वाटलं, गळका असतो तर किती बरं झालं असतं.

"आजी, इकडं दे." साईप्रियानं मला गुडघ्यांत धरलं. तळव्यानं दाबलं. आणखी आवळलं. सुंदरीबाई ओरडल्या की आवळतेस काय. आणि मग मी सुटलो. फडकं बाहेर, गोळी बाहेर, जिभेखाली. बस्स.

अँब्युलन्स आली तेव्हा ते बघायला लागले होते. पहिलं काय दिसलं असेल तर मी. त्यांच्या डोळ्यांत भीती आली. प्रस्थान घरी आलंय, हे त्यांनाही कळलं.

मला कुणी परत शेजारी ठेवलं नाही आणि घरातही ठेवलं नाही. साईप्रियानं मला तसंच काखेत मारलं आणि मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, गोळी वेळेवर मिळाली म्हणून इथवर आले. पण तीन ठिकाणी अडलेलं आहे, सोमवारी ऑपरेशन करू. शुक्रवारी दुपारी साईराम आणि त्याची बायको मस्कतहून पोचली. ज्या विमानानं आम्ही जाणार होतो, ते आमच्याशिवाय तिकडं गेलं. सुंदरीबाई खुर्चीत बसून पश्चिमेच्या खिडकीकडं बघत होत्या. साईराम समजावत होता की आई, त्याचा ह्याचा संबंध नाही. त्या मान हलवत होत्या, पण मला माहीत होतं, त्या दिवस मोजत होत्या. अनिरुद्धराव त्याच आठवड्यात गेले होते.

रंगरावांनी मात्र सगळं सांगून टाकलं. जिना, घाम, रिकामं पाकीट, सगळं. सुंदरीबाई रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मला न सांगतां त्या तांब्याला सांगितलंत?"

"तो बोलत नाहीं म्हणून," रंगराव म्हणाले.

"मग मी पण नसतें बोललें."



सोमवारी त्यांना आत नेताना त्यांनी मान वळवली आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "येतों." दार बंद झालं. दारावरचा लाल दिवा लागला. आम्ही बाहेर बाकावर. साईप्रियाच्या मांडीवर मी. एरवी तिची बडबड थांबत नाही; त्या दिवशी ती माझी कडी वर करायची, खाली करायची. सुंदरीबाईंनी मला दवाखान्याच्या फिल्टरच्या पाण्यानं भरून ठेवलं होतं. मला ते पाणी फार जड वाटत होतं. कशासाठी भरलंय, हे त्यांनाही नीट माहीत नव्हतं.

दिवा विझला. डॉक्टर आले, ऑपरेशन झालं म्हणाले, पुढचे दोन दिवस बघायचे म्हणाले. दोन दिवस काचेपलीकडं नळ्या आणि हिरव्या रेघा.

तिसऱ्या दिवशी सकाळी काचेचं दार उघडलं. नर्स बाहेर आली आणि तमिळमध्ये सुंदरीबाईंना म्हणाली, "अम्मा, पाणी आहे का? आणि एक चमचा आणा."

मित्रांनो, चमचा!

सुंदरीबाई उठल्या आणि पुन्हा बसल्या. साईप्रियानं त्यांचा हात धरला. पिशवीतून चमचा काढला, स्टीलचा, साधा. त्या मला छातीशी धरून आत गेल्या. सगळं पांढरं होतं. पलंगावर रंगराव, केवढेसे झालेले, डोळे मिटलेले. झाकण दाबलं, आवळलं, सोडवलं; आता त्यांनाही खुबी आली होती. चमचा माझ्या गळ्याला लागला आणि तोच आवाज झाला. तोच. माझ्या पोटात इतकी वर्षं घुमणारा.

थेंब ओठांवर पडले. काही झालं नाही.

मग जीभ बाहेर आली आणि ओठ चाटले. एक डोळा उघडला. रंगरावांनी चमच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "चमच्यानं काय देतेस बाळासारखी. तोंड लावून पिऊं दे की."

मी आता परत कोनाड्यात आहे. गच्चीवरचं अलेक्झांड्रिया पावसानं धुऊन गेलं, पण साईप्रियानं पुन्हा काढायला घेतलंय, ह्या वेळी दफनभूमी वगळून. रंगराव अजून जिना चढत नाहीत. डॉक्टर नीट काही सांगत नाहीत. "बघू" म्हणतात आणि त्यांच्या "बघू"नं माझं पोट गार पडतं. गोळ्यांचं एक पाकीट खिशात, एक फळीवर, एक नातीच्या दप्तरात. रोज सकाळी साईप्रिया तिन्ही उघडून बघते आणि मोठ्यानं सांगते. माझ्या पोटात फक्त पाणी असतं.

तेव्हा मित्रांनो, एका जुन्या कूज्याचं ऐका. मला घासलं नाहीत तरी चालेल, माळ्यावर टाकलंत तरी चालेल. पण आज लागणारी वस्तू उद्याच्या प्रवासासाठी झाकून ठेवू नका. आणि दुखत असेल तर आमच्यासारख्या मुक्या भांड्यांना सांगू नका. शेजारी जिवंत माणूस बसलेलं असतं, त्याला सांगा. आम्ही फार घट्ट असतो हो.

हां, त्या दिवशी तोंड लावून प्यायला मिळालं का, ते सांगायचं राहिलंच. सुंदरीबाईंचे डोळे वाहत होते, पण त्यांनी मला चटकन मागं घेतलं, पदरानं माझा गळा पुसला आणि दुसरा चमचा भरला.

"उष्टं करायचं नाहीं," त्या म्हणाल्या. "त्याला अजून अलेक्झांड्रियाला जायचंय."